तुम्ही विचारलेत म्हणून: आमच्याकडची माणसे फौजेत का जातात?

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे घरी आले, एखाद्या शाळेने चार शब्द सांगायला बोलावले किंवा रेल्वेत शेजारच्या प्रवाशाला मी माजी सैनिक असल्याचे कळले, की प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्या बेळगाव भागातली इतकी माणसे सैन्यात का जातात हो?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच तयार असते आणि ते 'देशप्रेम' हे असते. मी मान डोलावली की विषय आनंदाने मिटतो. मात्र मराठा लाइट इन्फंट्रीत कारकुनी करत सुभेदारपदापर्यंत पोहोचलेल्या आणि आता खानापूर तालुक्यात माजी सैनिकांचे कागद लिहून देणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने शेकडो जणांच्या सेवेची नोंद हाताखालून घातलेली असते, त्यामुळे एवढ्या सोप्या उत्तरावर मला थांबता येत नाही.

पहिले कारण शेतीचे आहे. बेळगावच्या पश्चिमेला पाऊस उदंड, पण जमीन तुकड्यातुकड्यांची. भात, नाचणी, रताळी घेऊन वर्षभराचे दाणे जेमतेम निघायचे आणि भावाभावांत वाटणी झाली की तेही निघेनासे व्हायचे. धाकट्यांना दोन वाटा मोकळ्या होत्या, एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. १९८२ च्या संपानंतर गिरणीची वाट बुजली, पलटणीची राहिली. त्यातही मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र गेल्या शतकाच्या विसाच्या दशकापासून बेळगावातच आहे. मिलिटरी महादेवाच्या दर्शनाला किंवा कॅम्पात बाजाराला गेलेल्या पोराला कवायत दिसते, सुट्टीवर आलेल्या काकाची नाव आणि नंबर रंगवलेली काळी ट्रंक घरात दिसते, दरमहा येणारी मनीऑर्डर दिसते. सोळाव्या वर्षी तो पहाटे रस्त्यावर धावू लागतो, तेव्हा त्याच्या डोक्यात सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत कसे कापायचे आणि बीमवर, म्हणजे आडव्या दांड्यावर लटकून, दहा पुल-अप कसे मारायचे एवढेच असते. त्याला त्या वेळी राष्ट्राविषयी विचारले तर तो लाजेल. पोटासाठी गेलेल्या माणसाची सेवा त्यामुळे कमी प्रतीची ठरते, असे मात्र मला कधीच वाटलेले नाही. शिक्षकाला पगार मिळतो म्हणून त्याचे शिकवणे खोटे होत नाही.

ज्यांना देशप्रेमाचे उत्तर पुरेसे वाटते, त्यांना मी पहिल्या महायुद्धाची आठवण देतो. दख्खनमधल्या कित्येक गावांत चावडीवर किंवा वेशीजवळ एक जुनी दगडी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. आकडा असतो, नावे नसतात. ती माणसे कुठे गेली? कित्येक जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने त्यांनी उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सैन्याने शरणागती पत्करल्यावर वाचलेले कैदेत गेले, त्यांतले अनेक परतलेच नाहीत. पुढे १९१८ च्या ऑक्टोबरात मेसोपोटेमियातल्याच शर्कतच्या लढाईत ११४ वी मराठा पलटण लढली. बेळगावच्या प्रशिक्षण केंद्राच्या आवारातल्या युद्धस्मारकाला त्याच लढाईचे नाव आहे. हे सारे इंग्रजांच्या राज्यासाठी झाले. या सैनिकांचा देश त्यांच्या स्वतःच्या हाती नव्हता. मग ते टिकून कशाच्या बळावर राहिले?

याचे उत्तर मला पुस्तकांपेक्षा नोकरीत अधिक सापडले, पण सांगायला नामदेव जाधवांचे उदाहरण सोयीचे आहे, कारण ते सर्वांना तपासता येते. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतल्या सेनिओ नदीवर पहिल्या मराठा बटालियनचा हल्ला चालू असताना त्यांच्या तुकडीतले बहुतेक जण पडले. साधे शिपाई असलेल्या जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना, एकेकाला उचलून, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या भागातून मागे पोहोचवले. ते स्वतः तिथेच थांबू शकले असते. ते परत गेले, शत्रूच्या मशीनगनचे तीन मोर्चे त्यांनी एकट्याने मोडले आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयघोष करत उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला, तसाच तो आदल्या वर्षी इटलीतच धारातीर्थी पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांना मिळाला होता. जाधवांच्या कृतीचा क्रम मात्र पाहावा: आधी सोबती, मग शत्रू, मग पलटण. माणूस भरती होतो ते घरासाठी, पण गोळीबारात उभा राहतो तो डाव्या-उजव्या हाताच्या माणसासाठी आणि पलटणीच्या नावाला आपल्यामुळे बट्टा लागू नये म्हणून. देश त्यातूनच राखला जातो. १९७१ च्या डिसेंबरात, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत, आमच्या जंगी पलटणीने, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या पहिल्या बटालियनने, जे केले तेही याच बळावर केले, फक्त त्या वेळी देश आपला होता. आणि हा फरक लहान नाही, हेही मी मान्य करतो.

सीमाभागातला माणूस म्हणून आणखी एक उपप्रश्न येतो, आणि तो थोडा खोचकपणे येतो: १९५६ पासून ज्या गावांना आपण कोणत्या राज्यात असावे याचा वाद आहे, तिथली मुले दिल्लीच्या सरकारसाठी का लढतात? माझ्या पाहण्यात या दोन गोष्टींची गल्लत गावात कोणीच करत नाही. मोर्चाला गेलेल्या बापाचा मुलगा लडाखमध्ये असतो आणि दोघांनाही त्यात विसंगती वाटत नाही. पलटणीत तर आमच्याबरोबर कन्नड बोलणारे जवानही होते. जयघोष सारेच एका सुरात देत आणि लंगरात, म्हणजे पलटणीच्या भोजनगृहात, भाकरी मोडताना भाषेचा प्रश्न कोणी काढत नसे. बेळगावातल्या पुढाऱ्यांनी एकदा लंगरात जेवून पाहावे, असे मला अधूनमधून वाटते.

आता सन्मानाविषयी. फील्ड मार्शल करिअप्पा, आमच्याच कर्नाटकातल्या कोडगूचे सुपुत्र, १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, म्हणून तो दिवस माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. आमच्याकडे त्याच दिवशी बहुधा संक्रांत असते, त्यामुळे शाल, श्रीफळ आणि तिळगूळ एकाच हाती पडतात. शालीला माझी हरकत नाही. म्हाताऱ्या हवालदाराला व्यासपीठावर बोलावले की त्याचे तोंड उजळते. पण त्याच हवालदाराच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सहा-सहा महिने हेलपाटे घालावे लागतात, कारण पलटणीच्या नोंदीत तिचे नाव सासरचे, आधार कार्डावर माहेरचे आणि कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या शिधापत्रिकेवर तिसरेच असते. नवऱ्याने लग्नाची नोंद, ज्याला आम्ही 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतो, वेळेवर करून घेतलेली नसते. काउंटरवरचा माणूस तिला समजत नाही अशा भाषेतला अर्ज पुढे सरकवतो आणि ती अंगठा कुठे उठवायचा एवढेच विचारते. आता निवृत्तिवेतन 'स्पर्श' या संगणकप्रणालीवर गेले आहे. हयातीचा दाखला दरवर्षी त्यावर चढवावा लागतो आणि तो चुकला की पैसे थांबतात. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, तेव्हा तिला स्वतःचे जिवंत असणे सिद्ध करावे लागते. सैनिकांचा सन्मान कसा करावा असे जे कळकळीने विचारतात, त्यांना मी सांगतो की नोव्हेंबर महिन्यात एक दुपार काढा, आपल्या गल्लीतल्या अशा बाईला मोटारसायकलवर बसवून हयातीच्या दाखल्याच्या केंद्रावर न्या आणि काम होईपर्यंत तिच्याबरोबर थांबा.

अलीकडे प्रश्नाला शेपूट जोडले जाते: "अग्निवीर आल्यावर आता कोण जाणार?" जून २०२२ मध्ये अग्निवीर भरती करणारी 'अग्निपथ' ही योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, शेवटी सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी, आणि जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम. शिपायाने पंधरा वर्षे काढली की निवृत्तिवेतन बसते, या हिशेबावर आमच्याकडची घरे उभी राहिली आहेत, त्यामुळे आईबापांचा उत्साह ओसरला आहे आणि मला तो ओसरणे रास्त वाटते. पोटाचे कारण पातळ केले तर पलटणीचे कारण पुढे रुजायला वेळच उरत नाही, कारण सोबत्यावर जीव टाकण्याइतकी ओळख चार वर्षांत होते की नाही, याविषयी आमच्या पिढीत दुमत आहे. मुले मात्र अजूनही पहाटे धावतात. परवा शेजारचा एक मुलगा अर्ज भरायला आला, तेव्हा मी त्याला राष्ट्राविषयी काही सांगितले नाही. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला समोर मांडायला लावले आणि तिन्हींवर त्याचे नाव एकसारखे लिहिले आहे का, ते आधी तपासून घेतले.