आमची वाटचाल : बाबांची भट्टी आणि उपग्रहाची एरियल

भोसरीच्या एमआयडीसीत बाबांचं स्प्रिंगचं वर्कशॉप. दुचाकीच्या ब्रेकच्या स्प्रिंगा, स्विचगियरच्या पत्त्या, असली कामं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकून नोकरीत रमले होते. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून २० उपग्रह गेले, त्यात पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ होता. टीव्हीवर त्याचं चित्र पाहून बाबांनी विचारलं, “एवढीशी पेटी, हिची एरियल कुठंय गं?” छोट्या उपग्रहांच्या एरियल बनवायचा आमचा आजचा धंदा त्या प्रश्नातून उभा राहिला.

प्रश्न अगदी मुळावरचा होता. अशा छोट्या, ठोकळ्यासारख्या उपग्रहांना क्यूबसॅट म्हणतात. त्यांचं माप १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या प्राध्यापकांनी ठरवलं: एक युनिट म्हणजे दहा सेंटीमीटरचा ठोकळा. पण रेडिओवर १४५ मेगाहर्ट्झला बोलायचं तर लहरीची लांबी दोन मीटरच्या वर जाते. तिचा पाव हिस्सा धरला तरी अर्ध्या मीटरची अँटेना लागते, आणि ४३५ मेगाहर्ट्झला १७ सेंटीमीटरची. पेटीपेक्षा एरियल मोठी. ती गुंडाळून, पेटीच्या बाजूपासून साडेसहा मिलिमीटरच्या आत बसवायची. रॉकेटमधल्या डब्यातून बाहेर पडल्यावर निदान ३० मिनिटं थांबून तिनं आपली आपण उघडायचं. उघडली नाही तर आतलं सगळं धडधाकट असूनही उपग्रह मुका. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

पहिले नमुने आम्ही मोजमापाच्या पोलादी टेपचे केले. हौशी रेडिओवाले जगभर तेच वापरतात. निर्वातात रंगातून वायू सुटतो, म्हणून रंग खरवडला. पण पोलादाला चुंबक चिकटतो. बरेच छोटे उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारानं दिशा धरतात, ‘स्वयम्’चीही तीच पद्धत होती. तिथे शेजारी पोलादी पट्ट्या नकोतच. म्हणून बेरिलियम कॉपरकडे, म्हणजे चुंबक न चिकटणाऱ्या तांब्याच्या मिश्रधातूकडे वळलो, आणि इथे बाबांचा हात कामी आला. ही पत्ती मऊ असताना आकार द्यायचा, मग ३१५ अंशांच्या भट्टीत दोन-तीन तास ठेवायची, की ती ताठ होते. बाबांनी आयुष्यभर हेच केलेलं. एक नियम मात्र आम्ही नवा केला: या पत्तीला कानस लावायची नाही. बेरिलियमची धूळ फुफ्फुसाला घातक असते, त्यामुळे फक्त शिअरवर, म्हणजे पत्रा कातरायच्या यंत्रावर कापायचं.

उघडण्याची युक्ती साधी वाटते. गुंडाळलेली पत्ती डायनीमाच्या, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकच्या दोऱ्यानं बांधायची, दोऱ्याला नायक्रोमची, म्हणजे विजेनं तापणारी तार टेकवायची. तारेत प्रवाह सोडला की दोरा वितळतो आणि पत्ती ताडकन उघडते. टेबलावर आम्ही ती शंभरावर वेळा उघडली, एकदाही चुकली नाही. पहिलं गिऱ्हाईक एका कॉलेजातली मुलं. त्यांच्यासाठी तासाच्या भाड्यानं निर्वात कक्ष घेतला. प्रवाह सोडला आणि क्षणात मीटर शून्यावर. कक्ष उघडून पाहिलं तर तारच वितळून तुटली होती, दोरा जिथल्या तिथे. टेबलावर तारेची बरीचशी उष्णता हवा ओढून नेत होती. निर्वातात हवा नाही, मग तोच प्रवाह तारेला झेपला नाही. प्रवाह मी हवेत ठरवला होता. चूक माझी होती आणि त्या मुलांचे तीन महिने त्यात गेले. त्यांनी काम आमच्याकडेच ठेवलं, हे मी विसरणार नाही.

पुढचे आठवडे बाबा आणि मी एका टेबलावर बसलो. मी प्रवाह कायम राखणारं सर्किट केलं, म्हणजे थंडीत बॅटरीचं व्होल्टेज उतरलं तरी तारेला तेवढाच प्रवाह मिळेल. दोऱ्यासाठी दोन तारा, दोन वेगळी सर्किटं. बाबा म्हणाले, “तार नुसती टेकवू नकोस, दाबून धर.” त्यांनी तारेमागे दोन बारीक स्प्रिंगा बसवल्या. आता दोरा मऊ पडताच तार त्यात स्वतःहून शिरते. आमच्या कामातला हा सर्वांत चांगला भाग आहे, आणि तो बाबांचा आहे.

कर्ज, जागा, कागदपत्रं यांचे त्रास प्रत्येक लघुउद्योजकाला असतात, आम्हालाही झाले. आज आम्ही सात जण आहोत. ब्रेकच्या स्प्रिंगा अजून करतो, कारण पगार त्यांवर निघतात.

उपग्रह तयार झाला तरी रॉकेटमध्ये जागा मिळेपर्यंत महिनोन्‌महिने थांबतो, आणि तेवढा काळ पत्ती गुंडाळलेलीच असते. त्यामुळे प्रत्येक लॉटमधल्या काही पत्त्या आम्ही गुंडाळून, पेटीवर तारीख घालून मांडणीवर ठेवतो आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यातली एक उघडतो. परवाची चौदा महिन्यांची होती. उघडली, पण टोक चार मिलिमीटर वाकडं राहिलं. बाबांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि भट्टीची वेळ अर्ध्या तासानं वाढवायला सांगितली. त्या वेळेची नवी पत्ती संध्याकाळी गुंडाळून, तारीख घालून, त्याच जागी ठेवली.