तुम्ही विचारलंत म्हणून : सूर्याच्या उजेडाने सूर्याकडेच कसे जायचे?

कोल्हापुरात कुठेही अवकाशयानांवर बोलायला उभा राहिलो, आणि त्यातही दिवस अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीचे किरण थेट मंदिराच्या गाभाऱ्यात पोहोचण्याचे असले, तर व्याख्यान संपल्यावर कोणीतरी हमखास विचारते : ‘सर, उन्हाच्या रेट्याने शिडाचे यान चालते हे मान्य, पण मग ते सूर्यापासून लांबच जात राहणार. त्याला सूर्याकडे कसे न्यायचे?’ प्रश्न नेमका आहे, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही.

अशा यानाचे शीड म्हणजे आरशासारखा चकचकीत, अतिशय पातळ पडदा, आणि त्याला ढकलतो तो सूर्यप्रकाश. आधी हा रेटा केवढा ते पाहू. प्रकाशाला वस्तुमान नसले तरी संवेग, म्हणजे आदळल्यावर धक्का देण्याची क्षमता, असतो. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या सिद्धांतातून निघालेला हा प्रकाशदाब रशियन भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र लेबेदेव यांनी १९०० च्या सुमारास मॉस्कोत प्रत्यक्ष मोजला. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्यासमोर सरळ धरलेल्या आदर्श आरशावर तो दर चौरस किलोमीटरला जेमतेम ९ न्यूटन, म्हणजे किलोभर वजनाहूनही कमी, भरतो. गाभाऱ्यात पोहोचणारे मावळतीचे किरणही ज्यावर पडतात त्याला ढकलतातच, फक्त ते कोणाला जाणवण्याची शक्यता नाही. (हा रेटा सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांचा, नव्हे; त्या कणांचा दाब प्रकाशाच्या दाबाच्या हजारो पटींनी कमी असतो.)

जपानने २०१० मध्ये सोडलेल्या इकारोस यानाचे शीड १४ मीटर बाजूचा चौरस होते आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी होती. त्यावर मोजलेला रेटा सुमारे १.१ मिलिन्यूटन भरला, म्हणजे तांदळाच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाइतका. तीनशेहून अधिक किलोच्या यानाचा वेग त्याने दिवसभरात सेकंदाला ३० सेंटीमीटरच्या आसपास बदलतो. पण इंधन संपण्याचा प्रश्न नसल्यामुळे हा बदल महिनोन्‌महिने साचत राहतो.

आता दिशेचे. पृथ्वीजवळून निघालेले यान मुळात स्थिर नसते. पृथ्वीबरोबर तेही सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरत असते आणि या वेगामुळेच ते सूर्यात पडत नाही. आदर्श आरशावरचा रेटा किरणांच्या दिशेने नव्हे, तर आरशाच्या पृष्ठभागाला काटकोनात लागतो. त्यामुळे शीड तिरपे धरले की त्या रेट्याचा काही भाग यानाच्या गतीच्या दिशेने, आणि उलट बाजूला कलवले तर गतीच्या विरुद्ध, वळवता येतो. विरुद्ध वळवल्यास यानाची कक्षीय ऊर्जा थोडी थोडी कमी होते आणि सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याला मळसूत्री वाटेने आत आणते. सूर्याकडे ओढण्याचे काम सूर्यच करतो. शिडाने फक्त त्याला वाव द्यायचा. मजा अशी की, आत सरकताना यान अधिक वेगाने फिरू लागते, आणि बुधाइतक्या अंतरावर प्रकाशाचा रेटाही सरासरी साडेसहा पट होतो. अडचण येते ती बाहेरच्या दिशेला. गुरूपाशी तो पृथ्वीजवळच्या रेट्याच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी उरतो.

कोन बदलण्याचा हा खेळ पृथ्वीभोवती फिरणाऱ्या लाइटसेल-२ या शिडाच्या यानाने करून दाखवला. जुलै २०१९ मध्ये उघडलेले त्याचे ३२ चौरस मीटरचे शीड, यान सूर्याकडे येत असताना किरणांना कडेने धरले जाई आणि सूर्यापासून दूर जाताना समोरून. अशा प्रत्येक फेरीत दोनदा वळून त्याने काही दिवसांतच आपल्या कक्षेचे वरचे टोक सुमारे १.७ किलोमीटरने उंचावले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मात्र विरळ हवेच्या घर्षणाने त्याला खाली आणलेच.

‘आपल्याकडे असे काही झाले का?’ हा पुढचा प्रश्न. शिडावर प्रवास करणारे यान नव्हे. पण १९९० च्या दशकातील इन्सॅट-२ए आणि २बी या उपग्रहांवर सौरशीड होते. हवामानाची छायाचित्रे घेणाऱ्या उपकरणाचा शीतक, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणारा भाग, थंड अवकाशाकडे मोकळा राहावा म्हणून त्यांचे सौरपंखे एकाच बाजूला ठेवले होते, आणि त्या पंख्यांवरील प्रकाशदाबाने उपग्रह कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांड्याच्या टोकाशी शीड लावले होते.