डबीची जाडी, चकतीची जाडी

सोमवार

सीडींना जागा पुरत नाही ही तक्रार मुळात सीडींबद्दलची नसतेच. चकतीची जाडी १.२ मिलिमीटर. ती ज्या डबीत बसते त्या डबीची जाडी १०.४ मिलिमीटर. म्हणजे कपाटात आपण जे जपून ठेवतो त्यातलं बरंचसं नुसतं प्लॅस्टिक आणि हवा. संगीत त्यात कुठेतरी मधोमध.

हिशेब फळीवर मांडला की घाबरणं कमी होतं. एक मीटर फळीत साध्या डब्या ९६ बसतात, पण ठासून. बोट घालून एक बाहेर काढायची तर ९० च धराव्यात. हजार सीडींना झाली ११ मीटर फळी. वजन डबीमागे साधारण १०० ग्रॅम, म्हणजे मीटरला नऊ-दहा किलो. पुस्तकांच्या मानाने हे काहीच नाही. १८ मिलिमीटर प्लायची ९० सेंटिमीटर लांब फळी एवढ्याने वाकत नाही. वाकते ती भुशाच्या बोर्डाची लांबलचक फळी, जिला मधे कुठेच टेकू दिलेला नसतो.

आता खरी गंमत. डबी उभी ठेवली की उंची १२.५ आणि खोली १४.२ सेंटिमीटर. मग फळी १५ सेंटिमीटर खोल असली तरी भागतं. दोन फळ्यांमध्ये १४.५ सेंटिमीटर मोकळं सोडलं, तर २.४ मीटर उंच भिंतीवर १४ फळ्या बसतात. रुंदी फक्त ९० सेंटिमीटर घेतली तरी १२.६ मीटर फळी झाली, म्हणजे अकराशे सीडी. एवढीशी पट्टी घरात कुठेही निघते. दाराच्या मागे निघते, बोळकांडीत निघते. दारामागे केली तर दार आता पूर्वीइतकं मागे जाणार नाही, म्हणून जमिनीवर अडणी आधी बसवायची. नाहीतर दाराची मूठ थेट डब्यांच्या कण्यावर, म्हणजे नाव छापलेल्या अरुंद कडेवर आदळते, आणि कण्याचं प्लॅस्टिक तडकायला एक धक्का पुरतो.

मंगळवार

ज्यांच्याकडे ३० सेंटिमीटर खोल पुस्तकांचं कपाट आधीच आहे त्यांना वाटतं, दोन रांगा लावू, पुढे एक आणि मागे एक. बसतात. मागच्या रांगेखाली साडेसहा सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा टाकला तर पुढच्या डब्यांच्या डोक्यावरून मागची नावं निम्मी दिसतात. त्यासाठी फळ्यांमधलं अंतर मात्र २१ सेंटिमीटर लागतं, आणि मग फळ्यांची संख्या घटते. मिळवलं काय नि घालवलं काय, कागदावर मांडूनच ठरवावं.

तरीही मागची रांग ही अडगळच. जे डोळ्यांना दिसत नाही ते वाजत नाही. तिथे ठेवायचेच तर मोठे संच ठेवावेत, जे वर्षातून एकदा निघतात.

बुधवार

जागा कमी असेल तर भिंतीनंतर पसंती खणांना. खणात डबी कणा वर करून उभी राहते, तेव्हा मापं बदलतात: उंची १४.२, रुंदी १२.५. खणाच्या बाजू १० सेंटिमीटर उंच असल्या तरी चालतील, पण तळापासून वरच्या खणापर्यंत मोकळी उंची १५ सेंटिमीटर हवीच. सुतार इथेच चुकतात, कारण ते बाजूची उंची मोजतात आणि डबी वर डोकावते हे खण लावताना कळतं.

चार रांगांचा खण असा बसतो: रांगेला १२.८ सेंटिमीटर, मधे ६ मिलिमीटर प्लायचे तीन पडदे, एकूण आतली रुंदी ५३ सेंटिमीटर. आतली खोली ४५ असेल तर रांगेत ४३ डब्या जातात, ४० ठेवाव्यात. खणात १६०. वजन १६ किलो आणि वर खणाचं स्वतःचं. ३५ किलो झेपणारी टेलिस्कोपिक चॅनेलची, म्हणजे खण सरकायच्या रुळांची जोडी पुरे, पण तळाला ६ मिलिमीटर प्लाय लावू नये. तो वर्षभरात मधोमध पोट काढतो आणि खालच्या खणातल्या डब्यांना घासायला लागतो. ९ किंवा १२ मिलिमीटर घ्यावा. असे पाच खण म्हणजे आठशे सीडी, आणि कपाटाची उंची मीटरभर. दोन भरलेले खण एकदम बाहेर ओढले तर कपाट पुढे झुकतं. मागून भिंतीला दोन स्क्रू मारल्याशिवाय ते वापरायचं नाही.

एक बारीक गोष्ट, जी खण भरून झाल्यावरच लक्षात येते. कण्यावरची इंग्रजी नावं अशी छापलेली असतात की अक्षरांची डोकी मुखपृष्ठाच्या बाजूला असतात. डबी फळीवर उभी असताना मान उजवीकडे कलती करून ती वाचता येतात. खणात मात्र नाव सुलट दिसायला मुखपृष्ठ आपल्यापासून पलीकडे तोंड करून ठेवावं लागतं. उलट, मुखपृष्ठ आपल्याकडे केलं तर डब्या चाळताना चित्रं दिसतात आणि नावं उलटी होतात. दोन्ही एकदम मिळत नाही. नावं वाचून शोधणाऱ्यांनी मुखपृष्ठ पलीकडे ठेवावं. काही जर्मन आणि फ्रेंच सीडींची अक्षरं मुळातच उलट्या दिशेने जातात, त्यांना सोडून द्यावं.

गुरुवार

इथवर डबी शाबूत होती. आता ती मोडीत काढून चकती पाकिटात ठेवण्याचा विषय.

पॉलिप्रॉपिलीनचं दोन कप्प्यांचं पाकीट: एका कप्प्यात चकती, दुसऱ्यात पुस्तिका आणि मागचा कागद. भरलेल्या पाकिटाची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. पुस्तिका जाड असली तर चारवर जाते. अकरा मीटरचे तीन मीटर होतात ते असे. खणाच्या बाबतीत मात्र पाकीट हातात घेऊनच माप ठरवावं, कारण मागचा कागद न कापता ठेवणारी पाकिटं १५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतात आणि १२.८ च्या रांगेत जात नाहीत. त्याच ५३ सेंटिमीटरमध्ये चारऐवजी तीन रांगा कराव्यात. रांगेत १३०, खणात ३९०.

डबी उघडायची रीत सांगून ठेवतो, कारण निम्मं नुकसान इथेच होतं. झाकण काटकोनाच्या पुढे रेटायचं नाही. मधल्या दात्यांवर बोट दाबून चकती कडेला धरून उचलायची, दात्यांवरून ओढायची नाही. पुस्तिका दोन्ही अंगठ्यांनी मधे किंचित फुगवली की अर्धगोल चिमट्यांतून अलगद निघते, सरळ ओढली तर कोपरा फाटतो. मग ट्रे, म्हणजे चकती ज्यात बसते तो आतला भाग. तो खालच्या भागात चार उंचवट्यांवर अडकलेला असतो. बिजागरीच्या बाजूला पातळ प्लॅस्टिकची पट्टी कडेखाली सरकवून हलकेच उचलायचं. काळा किंवा राखाडी ट्रे थोडा वाकतो. पारदर्शक ट्रे ठिसूळ असतो, त्याला घाई चालत नाही, आणि खोली गार असेल तर मुळीच नाही. ट्रेखालचा कागद १५.१ बाय ११.८ सेंटिमीटर, दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरची घडी. ती घडी म्हणजे कणा. तो कापून टाकणं हा एकमेव अक्षम्य गुन्हा. डबी कुठलीही नवी मिळते. तो कागद पुन्हा मिळत नाही.

मोडू नये ते: पुठ्ठ्याची घडीची आवरणं, कारण त्यांचा ट्रे गोंदाने चिकटवलेला असतो आणि सोडवताना छपाईचा थर घेऊनच निघतो. मर्यादित आवृत्त्या. दोन चकत्यांच्या जाड डब्या, २४ मिलिमीटरच्या, मात्र बिनधास्त बदलाव्यात. त्याच पुस्तिका आणि त्याच दोन चकत्या एकेरी जाडीच्या डबीत बसतात. अशा जुन्या संचांत कधी फोमची चकती घातलेली असते. ती लगेच काढावी. फोम जुना झाला की चिकट होतो आणि सीडीवर उतरतो.

शुक्रवार

चेन लावायचे अल्बम. दोनशे कप्पे, हातात मावणारे, पाहताक्षणी मोह पडतो. त्यांची खोट वेगळीच आहे: वर्णानुक्रमाने लावलेल्या अल्बममध्ये एक नवी सीडी मधे घालायची झाली तर पुढच्या सगळ्या एकेक कप्पा सरकवाव्या लागतात. दोनदा केल्यावर माणूस नवी सीडी शेवटी खुपसतो आणि क्रम संपतो. सुटी पाकिटं उभी लावण्याचा फायदा हाच, ग्रंथालयातल्या कार्डांच्या कॅटलॉगसारखी कुठेही एक सरकवता येते.

शिवाय अल्बमचे कप्पे बऱ्याचदा पीव्हीसीचे असतात. त्यातला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू बाहेर येतो आणि छापील कागदाला चिकटतो. प्लॅस्टिकला तिखट वास येत असेल तर परत ठेवून द्यावं. न विणलेल्या कापडाचं अस्तर चांगलं, पण गच्च दाबून आणि उष्ण जागेत वर्षानुवर्षं राहिलं तर त्याची जाळी चकतीवर उमटू शकते. म्हणून रांगेत दहा टक्के जागा रिकामीच. ओढताना पाकीट अडलं की समजावं, जास्त झालं.

शनिवार

ओरखड्याची भीती लोक चुकीच्या बाजूला बाळगतात. चमकती बाजू म्हणजे जवळपास १.२ मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेट, तिच्यावरची रेघ बहुधा निभावते. वाचणारं यंत्र ट्रॅकवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग खंड गणिताने भरून काढतं. म्हणून मध्यापासून कडेकडे गेलेली रेघ सोसते आणि वर्तुळाकार रेघ नडते, आणि पुसायचंही त्यामुळेच मध्यापासून कडेकडे सरळ. धातूचा थर आहे तो छापील बाजूला, लाखेच्या काही मायक्रॉनच्या लेपाखाली. तिथे बॉलपेनने क्रमांक घालणं म्हणजे हाताने भोक पाडणं. क्रमांक पाकिटावर लिहावा.

हवामानाचं: अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. घरात हे कुणाला जमत नाही. जमतं ते एवढंच, की कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मागे दोन-अडीच सेंटिमीटर हवा खेळू द्यावी, माळ्यावर छताच्या उष्णतेत काही टाकू नये. दमटपणात आधी खराब होतो तो कागद: पुस्तिकेची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई सोलली जाते. चकती सहसा मागून जाते, तरी तिला खाणारी बुरशी आहे. २००१ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी बेलीझमधल्या एका सीडीवर ती नोंदवली होती, कडेतून शिरलेली आणि अ‍ॅल्युमिनियमच्या थरापर्यंत पोचलेली.

कागदी पाकिटांबद्दलही सावध राहावं. १९८८ ते १९९३ दरम्यान इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात तयार झालेल्या काही सीडी कडेकडून तांबूस होत जातात, कारण त्यांची लाख कागदातल्या गंधकापासून खालच्या धातूला वाचवू शकली नाही. या सीडींच्या मध्याजवळ कारखान्याचं आणि देशाचं नाव कोरलेलं असतं. त्या वेगळ्या काढून सगळ्यांत आधी त्यांची प्रत करावी.

रविवार

प्रत केल्यावर साठवणीचे नियम सैल होतात. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात, एक सीडी ३०० ते ४०० एमबी घेते, हजार सीडी ४०० जीबीच्या आत मावतात, आणि दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवल्या की चकत्या पलंगाखालच्या बंद खोक्यात गेल्या तरी बिघडत नाही. घरी कोऱ्या सीडीवर भरलेल्या प्रतींनाही प्रत करण्याच्या रांगेत पुढचा नंबर द्यावा. त्यांचा थर रंगद्रव्याचा असतो, उजेडाने विटतो. खोकं मात्र शंभर डब्यांहून मोठं नको. दहा किलो एका माणसाला उचलता येतं, वीस किलोच्या खोक्याचा तळ सुटतो.

यादी करताना नाव आणि कलाकार यांवर थांबू नये. कण्यावरचा कॅटलॉग क्रमांक आणि खोक्याचा क्रमांक, हे दोन रकाने पुढे सर्वांत कामाला येतात. खोक्यावर विषय लिहू नये, नुसता आकडा. विषय बदलतात, मग खोडाखोड होते.

मोडलेल्या डब्यांतल्या चांगल्या पन्नास ठेवाव्यात, तेही ट्रेसकट. बाकीचं भंगारात देण्याआधी प्रत्येक डबी उघडून ट्रेखाली एकदा बघावं. मागचा कागद विसरून जाणारी डबी प्रत्येक ढिगात एक तरी निघतेच.