गलाक्सिदीला जायचंय? आधी पासपोर्टातलं नाव बघा

ग्रीसमधल्या डेल्फीहून, म्हणजे प्राचीन देवळांच्या अवशेषांच्या गावाहून, गलाक्सिदी हे बंदराचं गाव जेमतेम 35 किलोमीटर. पण आमचं घोडं अडलं ते तिथल्या सहा खोल्यांच्या घरगुती लॉजच्या पत्रापाशी.

ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो, त्या शेंगेन व्हिसाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो. आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. बुकिंग करताना आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो. त्यात खोली दोघांची आणि कागदावर नाव एकाचंच. व्हिसा केंद्राच्या खिडकीवरून फाइल परत! ‘दुरुस्त पत्र आणा’ म्हणाले. कसं आणायचं, ते विचारलं तर पुढचा टोकन नंबर पुकारला. अजून डोकं तडकतं.

तर पत्रात हे हवं: दोघांची पूर्ण नावं पासपोर्टातल्या स्पेलिंगसकट, पासपोर्ट नंबर, येण्या-जाण्याच्या तारखा, किती रात्री, लॉजचा पत्ता, फोन, सही-शिक्का. मजकूर स्वतःच इंग्रजीत टाइप करून मेल करा, मालकाला फक्त सही करायला सांगा. मी आधी ‘कृपया पत्र द्यावे’ असं मोघम लिहिलं, तर उत्तरादाखल पुन्हा तीच बुकिंगची पावती आली. फोन करायचा तर तिथली दुपारची झोप टाळा. उन्हाळ्यात ग्रीस आपल्या अडीच तास मागे, म्हणून आपल्याकडे रात्री नऊ ही बरी वेळ. व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांवर आणू नका.

पुढचं सोपं. अथेन्सला बसची दोन मोठी स्थानकं आहेत. डेल्फीकडची बस लिओसिऑनहून सुटते, किफिसोसला जाऊन उभे राहू नका. गलाक्सिदीला थेट बस नसेल तर वाटेतल्या इतेआ गावाला बदला.

गाव कोरिंथच्या आखातावर, दोन बंदरांचं. एकोणिसाव्या शतकात इथली शिडाची जहाजं भूमध्य समुद्रभर माल वाहायची. वाफेची जहाजं आल्यावर गावानं कात टाकली नाही आणि धंदा बसला. कप्तानांची घरं तेवढी उरली. नौका-संग्रहालयातली जहाजांची चित्रं सावकाश बघा, आणि सेंट निकोलस चर्चमधला कोरीव लाकडी पडदाही. वाळूचा किनारा शोधू नका. खडकांवरून पाण्यात उतरायचं, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट हवेत.

ईस्टरआधीच्या उपासांच्या पहिल्या सोमवारी इथे रंगीत पिठाची धुळवड असते. घरांनाही प्लास्टिक गुंडाळतात. जुने कपडे न्या, कॅमेरा खोलीवर ठेवा. त्या दिवसांत खोली मात्र फार आधी धरावी लागते.

आणि हो, 30,000 युरोंच्या प्रवास विम्यावरही तेच पूर्ण नाव हवं. ते मला दुसऱ्या फेरीला कळलं.