खान्देशच्या लोकनाट्यावर मटेरियल नाही असं कोण म्हणतं?

नाटकावर किंवा लोकनाट्यावर एम.ए.चा प्रोजेक्ट, पीएच.डी. करणारी आपल्याकडची मुलं भेटली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, खान्देशवर काही मटेरियलच नाही हो." मला ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण मटेरियल आहे, फक्त ते "खान्देशी लोकनाट्य" अशी पाटी लावून बसलेलं नाही आणि आपण पाटीच शोधत राहतो.

म्हणजे जेस्टोरवर, म्हणजे संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहात, नुसतं खान्देश टाकलं की काय येतं? इंग्रजांची भिल्ल पलटण (भिल्ल कोअर) येते, कापूस येतो, इंग्रजांचा जमीनमहसूल येतो, नाटकाचं नाव नाही. मग मुलं तिथेच थांबतात. त्यापेक्षा विषय फोडून घ्या. समजा तुमचा विषय आहे खान्देशातल्या तमाशाच्या फडांमधल्या स्त्री कलावंत. यात तमाशा आला, बाई आली, प्रदेश आला. प्रदेश पहिल्या सर्चला सोडूनच द्या. इंग्रजीत तमाशा लिहा, पुढे कॅपिटल अक्षरांत अँड, मग कंसात विमेन ऑर जेंडर ऑर कास्ट, बस. आता जे लेख येतील ते पुण्या-मुंबईकडच्या फडांवरचे असतील, असू द्या, त्यातली मांडणी तुम्हाला लागणार आहे आणि खान्देश तर तुमच्या पायाखाली आहे, तो तुम्ही आणायचा. थिएटर शब्दाचं ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग वेगळं, म्हणून पहिली पाच अक्षरं लिहून चांदणीचं चिन्ह (*) द्यायचं, दोन्ही येतात. आणि जुने इंग्रजी कागद बघत असाल तर खान्देश सुरुवातीला के ऐवजी सी लावूनही शोधा, त्या काळी तसंही लिहायचे.

अजून एक, रिझल्टमधे दिसलं ते सगळं संशोधन लेख नसतं. थिएटर जर्नलसारख्या नियतकालिकात प्रयोगांची परीक्षणं असतात, पुस्तक परीक्षणं असतात, दोन-चार पानांची. फिल्टर लावून लेख वेगळे काढा पण परीक्षणं फेकू नका, एखादा प्रयोग नेमका कसा झाला हे कधीकधी तिथेच सापडतं. आशियाई नाटकासाठी एशियन थिएटर जर्नल बघाच, १९८४ पासून निघतंय, हवाई विद्यापीठाचं. जेस्टोरवर बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे तीन-पाच वर्षांचे अंक नसतात, ताजे अंक प्रोजेक्ट म्यूज या दुसऱ्या ऑनलाइन संग्रहात बघायचे, मग "नवीन काही नाही" असं वाटणार नाही.

पैशाचं म्हणाल तर आधी कॉलेजच्या लायब्ररीयनकडे जाऊन एन-लिस्टचा आयडी मागा. कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि पुस्तकं मिळावीत म्हणून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची ही सोय आहे, आपलं कॉलेज सभासद असेल तर घरी बसून लॉगिन होतं, आणि कितीतरी मुलांना तीन वर्षं संपली तरी हे कोणी सांगितलेलं नसतं, याचा मला फार राग येतो. सरकारी संस्थांसाठी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, तीस प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स, त्यात केंब्रिज आणि ऑक्सफर्डही आहेत, म्हणून विद्यापीठाच्या आवारात गेलात की तिथल्या नेटवर एकदा बघा. आणि काहीच नसेल तर जेस्टोरचं फुकट खातं काढा, महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. चाळीसगाव असो की शहादा, मोबाईलवर चालतं.

पण माझा सगळ्यात लाडका शोधगंगा, म्हणजे भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह. लोक तिथे प्रबंधाचं पहिलं प्रकरण उघडतात आणि कंटाळतात. तुम्ही आधी संदर्भसूची उघडा, ती बहुतेक वेळा वेगळी पीडीएफ असते, आणि मग परिशिष्टं, कारण कलावंतांच्या मुलाखती, गाण्यांच्या संहिता तिथे पडलेल्या असतात, ज्या दुसरीकडे कुठेच छापलेल्या नाहीत. मराठी प्रबंध बरेचसे स्कॅन केलेले असतात म्हणून आतला मजकूर सर्चला सापडत नाही, शीर्षकावरच शोधावं लागतं, देवनागरीतही आणि इंग्रजी अक्षरांतही. आणि जळगावच्या आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव २०१८ ला मिळालं, त्याआधीच्या प्रबंधांवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठच आहे.

हे सगळं वाचून काय होतं ते सांगते. पारोळ्याकडे एका म्हाताऱ्या वहीवाल्या बाबांकडे (वही म्हणजे खान्देशातला लोकगायनाचा प्रकार) मी रेकॉर्डिंगला जाते, तरुणपणी ते तमाशातही होते. मी मोबाईलवर लेख वाचत होते तर त्यांनी विचारलं, "त्यामा काय लिखेल शे?" मी गण, गवळण, वग कसा लागतो त्याचा भाग त्यांना सांगितला. बाबा उठून उभे राहिले, गण कोण धरायचं, झीलकरी मागे कुठे, ढोलकीवाला कोणत्या हाताला, सगळं अंगणात पाय टाकून दाखवलं, आणि दोन ठिकाणी म्हणाले आमच्या फडात असं नव्हतं. ती दोन ठिकाणं माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण झाली. लेख वाचलेला नसता तर मी त्यांना नेहमीसारखं "तुम्ही कधीपासून गाता" एवढंच विचारलं असतं, आणि त्यांनीही तेवढंच सांगितलं असतं.

म्हणून फिल्डवर जायच्या आधी आठ-दहा चांगले लेख वाचूनच जा. संदर्भ साठवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लेख आणि प्रत्येकाखाली आपला प्रश्न लिहून ठेवा, सारांश नाही लिहिला तरी चालेल, प्रश्न लिहा. धुळ्याला असाल तर राजवाडे संशोधन मंडळातही एक चक्कर मारा, तिथलं सगळं काही नेटवर मिळत नाही. आणि वहीगायनावर कोणी काम करत असेल, विशेषतः नंदुरबारच्या बाजूला, तर मला कळवा, माझ्याकडची संदर्भसूची मी लगेच पाठवते.