तुम्ही विचारलंत म्हणून: नाण्यावरच्या बाळाचं पुढे काय झालं?

मी अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉइसीला राहते. भारतातून पाहुणे आले की त्यांच्या मुलांच्या हातावर २००० साली निघालेलं एक डॉलरचं सोनेरी नाणं ठेवते. त्यावर सकागविआ ही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतली बाई आहे आणि तिच्या पाठीला बांधलेलं तान्हं. मुलं नाहीतर त्यांच्या आया हटकून विचारतात, या बाळाचं पुढे काय झालं?

त्याचं नाव झाँ बाप्तिस्त शार्बोनो. आई इथल्याच लेम्ही खोऱ्यातली, शोशोनी जमातीची, लहानपणी हिदात्सा या दुसऱ्या जमातीने पळवून नेलेली. बाप फ्रेंच-कॅनेडियन व्यापारी. ११ फेब्रुवारी १८०५ ला फोर्ट मँडनला जन्म. दोन महिन्यांचाही झाला नव्हता, तेव्हा आईच्या पाठीवर बसून लुईस आणि क्लार्क यांच्या, पश्चिमेकडची वाट शोधणाऱ्या अमेरिकी सरकारी मोहिमेबरोबर निघाला, तो थेट प्रशांत महासागरापर्यंत जाऊन आला. क्लार्कला त्याचा फार लळा. त्यानेच पुढे त्याला सेंट लुईसला शिकवलं. १८२० सालच्या खर्चाच्या नोंदीत रोमचा इतिहास, शब्दकोश, पाटी, पेन्सिली, टोपी असं सगळं आहे. ज्याच्यासाठी घेतलं, त्याच्यापुढे लिहिलंय ‘अर्धा इंडियन मुलगा’; इंडियन म्हणजे भारतीय नव्हे, इथल्या मूळ रहिवाशांना तेव्हा तसं म्हणत. पाटी मात्र अख्खी लागली असणार, असं वाचताना मनात येतं आणि वाईट वाटतं.

अठराव्या वर्षी त्याची जर्मनीतल्या वुर्टेमबर्गच्या राजघराण्यातल्या पाउल विल्हेल्मशी गाठ पडली. त्याच्याबरोबर तो युरोपात गेला, १८२९ ला परतला आणि डोंगरात बीव्हरच्या कातड्यांच्या धंद्यात शिरला. १८४६-४७ मध्ये मॉर्मन बटालियनला, म्हणजे मॉर्मन पंथीयांच्या अमेरिकी लष्करी तुकडीला, सांता फेहून सॅन डिएगोपर्यंत वाट दाखवायला तोच होता.

मला खरं सांगायचंय ते त्यानंतरचं. नोव्हेंबर १८४७ मध्ये त्याला कॅलिफोर्नियात सॅन लुईस रेचा अल्काल्दे, म्हणजे न्यायनिवाडा करणारा अधिकारी नेमलं. तिथल्या मूळ रहिवाशांना दुकानाच्या उधारीत अडकवून राबवून घ्यायची रीत होती. अशाच एकाच्या ५१ डॉलर ३७½ सेंटच्या उधारीचा निकाल बाप्तिस्तच्या सहीने झाला: फिटेपर्यंत सावकाराकडे दिवसाला साडेबारा सेंटवर काम करायचं. हिशेब करून बघा, ४११ दिवस होतात. हा कागद मला टाळायचा नाही. त्याला निव्वळ थोर ठरवणं सोपं आहे, पण ती सही त्याचीच आहे.

आणि वर्ष व्हायच्या आत, १८४८ च्या उन्हाळ्यात, त्याने राजीनामा दिला. वरिष्ठांच्या पत्रात कारण असं दिलंय, की हा स्वतः अर्धा इंडियन असल्यामुळे इंडियनांची जास्तच बाजू घेतो, असं लोकांना वाटतं. एकीकडे ती सही, दुसरीकडे हा ठपका. दोन समाजांच्या मधे राहणं म्हणजे काय, हे मला त्याच्या युरोपच्या प्रवासापेक्षा इथे जास्त कळतं.

पुढे तो ऑबर्नच्या सोन्याच्या खाणींकडे राहिला, तिथल्या हॉटेलात कारकुनीही केली. १८६६ मध्ये मोंटानाकडे निघाला आणि १६ मे रोजी वाटेतच, ऑरेगॉनमध्ये, वारला. वय ६१. त्याची कबर डॅनरला आहे, बॉइसीहून गाडीने जाऊन एका दिवसात परत येता येतं. पण वायोमिंगच्या विंड रिव्हरचे शोशोनी सांगतात, बाप्तिस्त आपल्या माणसांत परत आला आणि तिथेच वारला. त्यांच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे. कागदपत्रं डॅनरच्या बाजूने आहेत आणि मीही तेच मानते. तरी विंड रिव्हरच्या लोकांना तो दगड काढा असं मी कधीच म्हणणार नाही. सेंट लुईसच्या वहीत तो अर्धा होता; या लोकांनी त्याला पुरता आपला म्हटलंय.