वडिलांची फियाट: किती नवी करायची, किती तशीच ठेवायची

साताऱ्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आमची फियाट ११०० डिलाइट एकोणतीस वर्षे उभी होती. वडिलांनी तिच्यासाठी नंबर लावला होता आणि बराच काळ वाट पाहिल्यावर १९६७ साली ती कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आमच्या दारात आली. गल्लीतले लोक आजही तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. ते नाव खरे तर तिच्या आधीच्या, गोल पाठीच्या आणि पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणाऱ्या गाड्यांचे. डिलाइट १९६४ सालापासूनची, बरीच सरळ रेषांची. गेल्या वर्षी ती पुन्हा चालती करायचे आम्ही दोघा भावांनी ठरवले आणि पहिला वाद उभा राहिला तो खर्चावरून नव्हे, तर काम कुठे थांबवायचे यावरून.

एका गॅरेजने सगळ्या कामाचा अंदाज लिहून दिला होता: रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, नव्या पद्धतीचा चकचकीत रंग मारायचा, बंपर आणि जाळीला पुन्हा क्रोम चढवायचे, आतले रेक्झिन बदलायचे. धाकट्या भावाला हे सगळे पसंत होते. मी एक महिना मागून घेतला आणि टॉर्च, लोहचुंबक, पेचकस व एक वही घेऊन रविवारमागून रविवार शेडमध्ये घालवले.

त्या वहीमुळेच बऱ्याच गोष्टी सुटल्या. टपावर, डिकीच्या आत आणि डॅशबोर्डच्या खाली कारखान्यातला मूळ फिकट करडा रंग आजही शाबूत आहे. टपावर तो उन्हाने खडूसारखा झाला आहे, पण पत्र्याला धरून आहे. डाव्या पुढच्या मडगार्डला मात्र लोहचुंबक चिकटेना, कारण तिथे लांबीचा (पुट्टीचा) जाड थर भरलेला होता. १९७९ साली खंबाटकी घाटात एक ट्रक घासून गेला होता, त्याची ही खूण. त्या वेळी मारलेला रंग मूळ रंगापेक्षा किंचित निळसर आहे. सीटवरची कव्हरे काढली तेव्हा खालचे मूळ रेक्झिन निघाले, ड्रायव्हरच्या बाजूला शिवणीत उसवलेले आणि बाकी सगळे धड.

खरी दुखणी खाली होती. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा असल्यामुळे फ्लोअरचा पत्रा आणि दरवाजांखालच्या पट्ट्या प्रत्यक्ष भार वाहतात. वर्षानुवर्षे खालून मारलेल्या डांबराच्या थराखाली पाणी अडकून राहिले होते आणि उजव्या पट्टीत पेचकस टेकवताच आरपार गेला. अशा गंजाला जुनेपणाचा साज म्हणत तो जपणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही, कारण ज्या पत्र्यावर दरवाजाची बिजागरी आणि पर्यायाने आत बसलेल्या माणसाचा जीव तोलला आहे, तो पत्रा दस्तऐवज म्हणून ठेवता येत नाही. तेवढे कुजलेले भाग कापून नवे तुकडे वेल्डिंगने बसवले. चांगल्या पत्र्याला हात लावू दिला नाही.

ब्रेकचा विचार करावाच लागला नाही. चारही चाकांना ड्रम, पायाचा जोर वाढवायला सर्व्हो नाही, आणि सिलिंडरांतली रबरे दगडासारखी कडक झालेली. रबरे, नळ्या, टायर आणि तडे गेलेले वायरिंग सगळे नवे घातले. पेट्रोलच्या वाटेवरचे रबर आणि पंपाचा पडदाही इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचा घेतला, कारण आता पंपावर मिळणारे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबर फुगवते आणि ओलावाही ओढून घेते.

इंजिनच्या बाबतीत भावाची कल्पना निराळी होती. प्रीमियरच्याच नंतरच्या ‘पद्मिनी’ गाडीचे चालू स्थितीतले इंजिन सहज मिळत होते, तेही १०८९ सीसीचे, आणि बसायला जवळजवळ जसेच्या तसे. परंतु जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या तरतुदीनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही. अशा नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, ही तिची दुसरी बाजू. आम्हाला तशीही ती वर्षातून पाच-सहा वेळाच काढायची आहे, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे माझ्या दृष्टीने मोठेच समाधान. आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो हे पाहिल्यावर भावानेच पद्मिनीचा विषय सोडला. मूळ ब्लॉकला बोअर करून, म्हणजे झिजलेली सिलिंडरे किंचित रुंद कोरून, त्यांत तेवढेच मोठे पिस्टन घातले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो रंगावर. फिव्हा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची तुरिन सनद आहे. स्मारकांच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिसमध्ये झालेल्या सनदेचा धागा तिने वाहनांपर्यंत आणला. (डिलाइटही त्याच सालची, हा योगायोग मी भावाला दोनदा ऐकवला, तो दोन्ही वेळा हसला नाही.) या सनदेत जतन आणि जीर्णोद्धार या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत, आणि बदललेले भाग ओळखू येतील अशी खूण त्यांच्यावर ठेवावी, असेही म्हटले आहे. मला तिचा उपयोग झाला तो असा, की ‘नवी करायची की जुनी ठेवायची’ हा संपूर्ण गाडीला एकदम विचारलेला प्रश्न मी सोडून दिला आणि प्रत्येक भागाला वेगळा विचारू लागलो. टपावरचा रंग पत्र्याचे रक्षण अजून करतो आहे. तो खरवडला, तर कुर्ल्यात मारलेला तो थर कोणत्याही पैशाने परत येणार नाही. मग तो पाण्याने हलकेच धुऊन त्यावर मेण चढवले. नवीन रंग फक्त नव्या पत्र्यावर आणि जिथे उघडे लोखंड दिसत होते तिथे.

भावाचे एक म्हणणे मात्र मी खोडू शकलो नाही. तो म्हणाला, “दादा, बाबा दर दिवाळीला गाडीला पॉलिश मारायचे. त्यांना ही अशी डागाळलेली गाडी रस्त्यावर काढायला आवडली असती का?” आवडली नसती. त्यांच्या काळी गाडी नीट ठेवणे म्हणजे ती नव्यासारखी ठेवणे होते, आणि आज मी जे जपतो आहे ते त्यांनी पहिल्या संधीला बदलून टाकले असते. १९७९ सालचे मडगार्ड त्यांनी आठ दिवसांत रंगवून घेतले होते.

तरीही ते निळसर मडगार्ड आम्ही तसेच ठेवले आहे. उजव्या पट्टीच्या नव्या तुकड्यावर मिस्त्रींनी आतल्या बाजूने दुरुस्तीचे साल ठोकून दिले. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवला आहे. पुढच्या बंपरचे क्रोम अर्धे उडाले आहे आणि त्याचा निर्णय अजून झालेला नाही. सध्या तो भावाच्या घरी, जिन्याखाली, गोणपाटात गुंडाळलेला आहे.